बंद दारांची चित्रं

‘नकाशाचं आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त थ्रीडी बघून पसंत आहे की नाही ते सांगा.’ पनवेलजवळच्या करंजाड्यात फ्लॅटचा ताबा घेऊन फर्निचर करायला निघालेल्या कुटुंबांना हा सल्ला हमखास मिळतो. देणारा कधी इंटिरिअरवाला असतो, कधी मॉड्युलर किचनच्या दुकानातला विक्रेता, कधी आधीच घर लावून मोकळा झालेला शेजारी. त्यामागे वाईट हेतू असतो असं मी म्हणणार नाही. पण सल्ला चुकीचा आहे, आणि घर जितकं लहान तितका तो महागात पडतो. घराचं डिझाइन करायची सॉफ्टवेअर आज कुणालाही मिळतात. त्यांचा खरा उपयोग चित्र बघण्यात नाही, मोजून नकाशा काढण्यात आहे. आणि तो नकाशा त्या घरात राहणाऱ्या माणसाने स्वतः काढला पाहिजे.

याला पहिला आक्षेप असा येतो की सामान्य माणसाला नकाशा कळत नाही, त्याला चित्रच दाखवावं लागतं. हे इतर कुठे खपेल, करंजाड्यात खपू नये. या पट्ट्यातली माणसं पन्नास वर्षं नकाशांशीच झगडत आली आहेत. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्या शहराच्या आराखड्यात गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि दि. बा. पाटलांनी चालवलेल्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना उभी राहिली. पुढे नवी मुंबईच्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, तरघर, उलवे अशी दहा गावं उठली आणि तिथल्या कुटुंबांना वडघर, करंजाडे, पुष्पकनगर या भागात भूखंड मिळाले. भूखंडाचं माप जुन्या घराच्या तिप्पट. म्हणजे पडवी धरली की नाही, मागची मोरी मोजली की नाही, यावर एकेका कुटुंबाची नवी जमीन ठरणार होती. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा या माणसांच्या कपाटांत सातबारे, मोजणीचे नकाशे आणि वाटपपत्रं यांची जाड बाडं होती. भूखंडाचा कोपरा कुठे येतो, समोरचा रस्ता किती मीटरचा, सामासिक अंतर किती सोडायचं, हे ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना स्वतःच्या बेडरूमचा नकाशा कळणार नाही, हे मी मान्य करणार नाही.

नवी मुंबईतच याला एक मोठा दाखला आहे. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी १९८० च्या दशकात जी घरं आखली ती मुद्दाम वाढवता येतील अशी. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला न चिकटणारी, म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येकाला गवंड्याकडून आपलं घर वाढवून घेता यावं. आज त्यांतली बरीच मूळ घरं पाडून तिथे नवी उभी आहेत. काहीजण त्याला अपयश म्हणतात. मी म्हणत नाही. लहान उत्पन्नाच्या कुटुंबाला आपल्या घराविषयी ठरवता येतं, या विश्वासावर देशातल्या एका थोर वास्तुविशारदाने अख्खी वसाहत आखली, हे महत्त्वाचं. तोच विश्वास आज साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात राहायला येणाऱ्या नवराबायकोवर का ठेवू नये?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. थ्रीडीत घर जसंच्या तसं दिसतं, नकाशात ते कल्पनेने बघावं लागतं, असं म्हणतात. प्रत्यक्षात उलट घडतं. दहा बाय नऊच्या बेडरूममध्ये उभं राहून अख्खी खोली एका नजरेत कधीच दिसत नाही. चित्रात ती दिसते, कारण सॉफ्टवेअरमधला कॅमेरा भिंतीच्या पलीकडे उभा असतो आणि मधली भिंत लपवलेली असते, किंवा कॅमेऱ्याचा कोन इतका रुंद केलेला असतो की समोरची भिंत लांब पळते. ज्या जागेवरून तुम्ही आयुष्यात कधी उभे राहून बघू शकणार नाही, तिथून दिसणारं ते दृश्य असतं.

त्याहून गंभीर बाब म्हणजे थ्रीडी चित्रात सगळी दारं बंद असतात. कपाट बंद, फ्रिज बंद, बाथरूमचं दार बंद, वॉशिंग मशीनचं झाकण बंद. घर मात्र दारं उघडून वापरायचं असतं. त्याच दहा बाय नऊच्या खोलीचा हिशेब करा. नऊ फुटांच्या बाजूला दोन फूट खोलीचं कपाट आणि पाच फूट रुंद पलंग ठेवला तर मध्ये दोन फूट उरतात. दीड फुटी पल्ला कसाबसा उघडतो. चित्रात छान दिसतो म्हणून सहा फुटी पलंग घेतला की मध्ये एक फूट राहतो आणि कपाटाचं दार पलंगावर आपटतं. थ्रीडीत दोन्ही खोल्या सारख्याच सुंदर दिसतील. नकाशात दाराचा पाव वर्तुळाचा कंस काढला की तो पलंगाच्या रेषेत घुसलेला लगेच दिसतो. म्हणून माझा आग्रह असा: जे जे उघडतं, त्याचा कंस नकाशात काढा. दारं, खिडक्या, कपाटाचे पल्ले, फ्रिज, ओव्हन, गीझरखालचं बाथरूमचं दार. ओढून बाहेर येणारे खण असतील तर तेवढा चौकोन पुढे काढा. या एका कामासाठीसुद्धा सॉफ्टवेअर शिकणं सार्थकी लागेल.

स्वयंपाकघराचं घ्या. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराची किमान रुंदी १.८ मीटर आहे, म्हणजे सहा फुटांच्याही जरा आत. तेवढी खोली संहितेनुसार पुरेशी आहे. तिच्यात दोन फूट खोलीचा ओटा आणि समोरच्या भिंतीला सव्वादोन फूट खोलीचा फ्रिज ठेवला की मधली वाट पावणेदोन फुटांहूनही कमी. फ्रिजचं दार उघडायचं तर ओट्याशी उभ्या असलेल्या बाईने बाजूला व्हायचं, दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. विक्रेत्याच्या चित्रात ती बाई नसतेच. नकाशात तिला काढा. दोन फूट व्यासाचं एक वर्तुळ काढून ते ओट्यासमोर, कपाटासमोर, बेसिनसमोर, देवघरासमोर ठेवून बघा. जिथे ते वर्तुळ दुसऱ्या कशावर चढतं, तिथे रोजची अडचण आहे असं समजा.

उंचीचाही असाच प्रश्न. या सॉफ्टवेअरमध्ये मिळणारी तयार कपाटं आणि ओटे बहुतेक परदेशी घरांच्या मापाचे असतात, ८५ ते ९० सेंटीमीटर उंच. पाच फूट उंचीच्या बाईला भाकरी थापायला, कणीक मळायला साधारण ३२ इंचांचा ओटा सोयीचा पडतो. ९० सेंटीमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच. हा तीन-साडेतीन इंचांचा फरक चित्रात कुणालाही दिसणार नाही, खांद्याला मात्र महिन्याभरात कळेल. तयार वस्तू ओढून नकाशात टाकली की लगेच तिच्यावर दोनदा क्लिक करून लांबी, रुंदी, उंची आपल्या टेपने मोजलेली भरायची. हे केल्याशिवाय पुढची वस्तू टाकायची नाही. घरातला जुना दिवाण, आईचं गोदरेजचं कपाट, शिवणयंत्र, जे जे नव्या घरात येणार आहे ते आधी मोजून त्याच मापाने नकाशात आलं पाहिजे.

आता ‘हे सगळं किचकट आहे, सॉफ्टवेअर महाग आहे’ या तक्रारीकडे येतो. ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये आलं आणि व्यावसायिकांच्या जगात त्याचंच राज्य आहे, हे खरं. त्याची वर्गणी एका घरासाठी भरणं वेडेपणाचं ठरेल, आणि त्याची चोरटी प्रत कुणाकडून तरी भरून घेणं तर मुळीच नको. तसल्या प्रतींबरोबर संगणकात काय काय शिरतं ते नंतर निस्तरावं लागतं. पण त्याची गरजच नाही. स्वीट होम थ्रीडी हे एमान्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रामरने घडवलेलं मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात वरच्या बाजूला नकाशा आणि खालच्या बाजूला थ्रीडी अशी मांडणी आहे; वर भिंत हलवली की खाली चित्र बदलतं. नकाशा आधी, चित्र त्याच्या मागून, हा क्रम त्याच्या पडद्यावरच ठरलेला आहे. ज्यांना नुसत्या रेषांचं काम हवं त्यांच्यासाठी लिब्रेकॅड आहे, तेही फुकट.

स्वीट होम थ्रीडीमध्ये बिल्डरने दिलेल्या नकाशाचा फोटो पार्श्वभूमीला घेता येतो. तो घेताना प्रोग्राम एका ज्ञात लांबीवर रेघ मारून तिचं खरं माप भरायला सांगतो. इथे बरेच लोक घाई करतात आणि एखाद्या दाराची लांबी देतात. लहान मापावरून मोठा नकाशा ताणला की चूकही त्याच प्रमाणात ताणली जाते. घरातली सर्वांत लांब भिंत निवडा आणि तिचं टेपने घेतलेलं माप भरा. कागदावर छापलेलं नको. छापील नकाशातली मापं बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंतची असतात; दोन्ही बाजूंचं प्लास्टर मिळून इंचभर जागा खातं, आणि बाथरूममध्ये मसाला आणि टाइल्स मिळून दोन इंच सहज जातात. चार फुटी बाथरूम तीन फूट दहा इंचांचं निघतं. शिवाय फोटो तिरका काढलेला असेल तर एका बाजूचं माप जुळतं आणि दुसऱ्या बाजूचं जुळत नाही, म्हणून शक्य असेल तर नकाशा स्कॅन करून घ्या.

मोजताना खोली चौकोनीच आहे हे गृहीत धरू नका. करंजाड्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरच्या इमारती असोत की कुठल्या मोठ्या संकुलातल्या, कोपरे क्वचितच पूर्ण गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात. दहा बाय नऊच्या खोलीचे दोन्ही कर्ण तेरा फूट साडेपाच इंचांच्या जवळपास आले पाहिजेत. एक जास्त, एक कमी आला तर कोपरा वाकडा आहे, आणि त्या कोपऱ्यात भिंतीला भिडवून करायचं कपाट तिरकं बसणार आहे. भिंतीची लांबी जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि बीमखाली अशी तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत कमी आलेलं माप फर्निचरसाठी धरा. बीम किती खाली उतरतो, कॉलम कोपऱ्यात किती पुढे येतो, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच, स्विचबोर्ड कुठे, नहाणीचा ट्रॅप कुठे, हे सगळं हाताने काढलेल्या कच्च्या आकृतीवर लिहून मगच संगणकासमोर बसा.

रेखाटताना खऱ्या मापाने रेखाटा. तीन मीटरची भिंत संगणकात तीन मीटरचीच काढायची. लहान-मोठं करायचं ते छापताना. लिब्रेकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कॉलम आणि बीम वेगळ्या लेअरवर (थरावर) आणि वेगळ्या रंगात ठेवा, म्हणजे चुकूनही कुणी त्यांना हात लावणार नाही. पाणी, ड्रेनेज, वीज यांचेही लेअर वेगळे. फाइलच्या नावात तारीख घाला, आणि मोठा बदल केला की जुनी फाइल राखून नव्या नावाने जतन करा. आठ दिवसांनी ‘आधीचंच बरं होतं’ असं घरातलं कुणीतरी म्हणणारच असतं.

क्षेत्रफळाचाही गोंधळ नकाशामुळेच सुटतो. रेराच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट आणि फ्लॅटला जोडलेली बाल्कनी धरत नाहीत, पण आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरतात. लहान वन बीएचकेमध्ये अशा भिंती बारा मीटर लांब आणि पाच इंच जाड असतील तर त्यांच्याखाली सोळा चौरस फूट जातात. ३२३ चौरस फुटांचं घर घेतलं आणि खोल्यांची बेरीज ३०७ आली, म्हणजे लगेच फसवणूक झाली असं नाही. बेरीज त्याहून बरीच कमी आली तर मात्र कागदं काढून विचारायला हवं. मोजलेला नकाशा हातात असेल तर हा प्रश्न आवाज न चढवता विचारता येतो.

उजेडाच्या बाबतीत थ्रीडी चित्र सर्वांत जास्त फसवतं. करंजाडे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस इथे सूर्य दुपारी डोक्यावर येतो, आणि त्यामधल्या काळात तो उत्तरेकडे कललेला असतो. डिसेंबरात भरदुपारी तो क्षितिजापासून साधारण ४८ अंश उंचीवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल तर छज्ज्याखालचा सव्वादोन फूट भाग सावलीत जातो. सॉफ्टवेअरमधलं ठिकाण न बदलता युरोपातलं एखादं शहर तसंच राहिलं, तर चित्रातलं डिसेंबरचं ऊन खोलीच्या पार आतपर्यंत पसरतं आणि घरातली माणसं उजळ खोलीच्या आशेने भिंतीचा रंग गडद निवडतात. स्वीट होम थ्रीडीच्या नकाशात होकायंत्र असतं. त्यावर दोनदा क्लिक करून अक्षांश, रेखांश भरता येतात आणि उत्तर दिशा फिरवता येते. पाचच मिनिटांचं काम आहे. पावसाची दिशा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही. इथला पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. नकाशावर स्वतः एक बाण काढा आणि त्या बाणासमोर येणाऱ्या खिडकीलगत प्लायवूडचं टेबल, गादीचा दिवाण किंवा इन्व्हर्टर ठेवू नका.

चित्र आणखी एक गोष्ट दाखवत नाही: घरात माणसं जमतात. आगरी-कोळ्यांच्या या मुलुखात दीड दिवसाचा असो की पाच दिवसांचा, गणपती घरात येतो आणि आरतीला वीस-पंचवीस माणसं उभी राहतात. लग्नघर असेल तर हळदीला त्याहून जास्त. नकाशाची एक प्रत फक्त त्या दिवसासाठी काढा. मखर कुठे, त्याच्यापुढे किती जागा, सोफा कुठे सरकवायचा, पंख्याखाली दिवा येतो का, प्रसादाचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येणाऱ्या बाईची वाट मोकळी आहे का. टीव्ही युनिट भिंतीत कायमचं ठोकायचं की नाही हे अशा नकाशावरून ठरतं. आणि एक प्रत कपडे वाळत घालण्याच्या दिवसाची, कारण चार महिने पावसाळ्यात दांडी घरातच येते.

‘आमचे कारागीर नकाशा बघतच नाहीत’ असंही ऐकवलं जातं. ते बघत नाहीत कारण त्यांच्या हातात दिलेला नकाशा त्यांच्या कामाचा नसतो. सुतार इंच आणि सूत मोजतो, एका इंचाची आठ सूत. त्याला सगळी मापं मिलिमीटरमध्ये दिली की तो मनात एक फूट म्हणजे तीनशे मिलिमीटर असा हिशेब लावतो. फूट असतो ३०४.८ मिलिमीटरचा. दहा फुटांच्या भिंतीवर हा फरक ४८ मिलिमीटर होतो, एक इंच सात सूत. कपाट बसवताना ती फट डोळ्यांत भरते आणि मग ती झाकायला पट्टी मारतात. प्लायवूड आठ बाय चारचं येतं, १८ मिलिमीटर जाड, त्यावर लॅमिनेट साधारण एक मिलिमीटर. खणांची आतली मापं काढताना ही जाडी वजा करावी लागते. म्हणून सुतारासाठी प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं वेगळं चित्र काढा, मापं फूट-इंच-सुतात लिहा आणि एकूण माप व तुकड्यांची मापं दोन्ही द्या. बेरीज जुळते का ते आधी स्वतः तपासा. दोन ठिकाणी दोन वेगळी मापं लिहिलेला नकाशा कारागिराने बाजूला ठेवला तर दोष त्याचा नाही.

छापतानाही काळजी हवी. १:५० या प्रमाणात दहा फुटांची भिंत ६१ मिलिमीटरची येते आणि सात बाय सहा मीटरचं घर ए-फोर कागदावर आरामात मावतं. पण झेरॉक्सच्या दुकानात ‘कागदाला बसवा’ हा पर्याय निवडलेला असतो आणि प्रमाण बिघडतं. नकाशाच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटर लांबीची रेघ येईल अशी सोय करा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा. ९६ आली तर तो कागद साइटवर नेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर पीडीएफ पाठवा. स्क्रीनशॉट काढून पाठवलेल्या चित्रात ना प्रमाण राहतं ना बारीक अक्षरं.

मोबाईल फिरवून खोली स्कॅन करणारी अ‍ॅप आणि एका फोटोवरून सजलेली खोली बनवणारे एआय यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. स्कॅनवरून ढोबळ अंदाज येतो, इंचाची खात्री मिळत नाही. एआयच्या चित्रात खिडकी सरकते, कॉलम नाहीसा होतो, आणि ते चित्र दाखवून काम ठरवणारा माणूस तो कॉलम परत कुठून आला म्हणून नंतर भांडतो. रंगसंगती सुचण्यापुरते ते वापरा.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. घरमालकाने काढलेला नकाशा म्हणजे परवानगीचा नकाशा नव्हे. करंजाड्यातल्या पुनर्वसनाच्या भूखंडावर नवं घर बांधायचं असेल तर आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतातच. आर्किटेक्ट म्हणवून घेण्याचा अधिकार १९७२ च्या कायद्याने नोंदणी झालेल्यांनाच आहे. परवानगीसाठी द्यायच्या ड्रॉइंगची शिस्तही वेगळी. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीच्या ऑटोडीसीआरसारख्या प्रणाली ड्रॉइंगमधले लेअर वाचून नियम तपासतात, तिथे हौशी नकाशा चालत नाही. विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते ती वेगळीच. फ्लॅटमध्येसुद्धा भिंत काढायची असेल, संडास हलवायचा असेल, तर खालच्या घराचा विचार आणि इंजिनिअरचा लेखी होकार हवा. पण यावरून ‘म्हणून तुम्ही नकाशाला हात लावू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. मोजलेला, दारांचे कंस काढलेला, घरातल्या वस्तू खऱ्या मापाने मांडलेला नकाशा घेऊन जो आर्किटेक्टकडे जातो, त्याची पहिली भेट कामाच्या प्रश्नांवर जाते. नुसते फोटो घेऊन जाणाऱ्याच्या पहिल्या तीन भेटी आवडीनिवडींत जातात, आणि त्या भेटींचे पैसे तोच भरतो. चांगल्या व्यावसायिकाला मोजमाप घेऊन आलेला ग्राहक नकोसा होत नाही. ज्याला होतो, त्याच्याकडे काम द्यावं का याचा विचार करा.

शेवटची बाब भिंतीच्या आतली, जी थ्रीडीत कधीच येत नाही. पाण्याचे पाइप आणि विजेच्या नळ्या भिंतीत गेल्या, वर प्लास्टर आणि टाइल्स चढल्या, की त्या कुठून गेल्या हे कुणाच्याही लक्षात राहत नाही. दोन वर्षांनी वॉटर प्युरिफायर लावताना ड्रिल नेमकं पाइपमध्ये जातं आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. भिंत बुजवायच्या आधल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, फोटोत टेप उघडा धरून. त्यावरून प्रत्येक पाइप कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती हे नकाशाच्या वेगळ्या लेअरवर उतरवा. काम कुणाकडेही दिलं असलं तरी मूळ फाइल, ती ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी असो वा स्वीट होम थ्रीडीची एसएच३डी, तुम्हाला मिळेल असं करारात आधीच लिहून घ्या. आणि जो नुसती थ्रीडीची चित्रं हातात ठेवून काम संपलं म्हणतो, त्याचा शेवटचा हप्ता फाइल मिळेपर्यंत देऊ नका.